हेडलाइटमधले पाणी: दव कोणते आणि गळती कोणती?

घाटवाट (सावंतवाडी)

नमस्कार. माझी हॅचबॅक गाडी सहा वर्षांची आहे. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा आंबोली घाटातून बेळगावला जावे लागते आणि परतताना दाणोलीला उतरेपर्यंत बहुधा रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. त्यामुळे हेडलाइट नीट असणे ही माझ्यासाठी हौसेची बाब नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही दिव्यांत ओलावा दिसू लागला आहे, परंतु दोन्हीकडचा प्रकार सारखा नाही. डाव्या दिव्याच्या काचेवर आतून सकाळी धुरकट थर असतो, तो खालच्या कडेपासून साधारण चार बोटे वर चढलेला असतो आणि गाडी थोडी चालली की विरतो. उजव्या दिव्यात मात्र थेंब आहेत, ओघळ आहेत आणि खालच्या कोपऱ्यात चक्क पाणी साचलेले आहे. ब्रेक लावला की ते पाणी पुढे येते, काचेच्या कडेला थडकते आणि मागे जाते. मागची रबरी टोपी काढून, औषधाच्या दुकानातून आणलेली मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी वापरून मी ते ओढून काढले, तेव्हा ४० मिलिलिटर भरले. चार दिवसांनी पुन्हा जवळजवळ तेवढेच पाणी होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये दोन्ही दिवे नवे बसवण्याचा सल्ला मिळाला. जवळच्या गॅरेजमध्ये काचेच्या कडेने सिलिकॉन भरून दिले आणि दिव्यांच्या मागच्या बाजूला ज्या दोन-दोन बारीक नळ्या होत्या, त्यांतूनच पाणी जात असावे असे म्हणून त्याही बुजवल्या. त्यानंतर उजवीकडचे पाणी थांबले नाहीच, उलट डावीकडचा जो थर सकाळी नऊपर्यंत जात असे तो आता दुपारपर्यंत राहतो. आणखी एकाने दिव्याला खालून भोक पाडण्यास सुचवले आहे. गेल्या दिवाळीत दोन्हीकडे मूळचे हॅलोजन बल्ब काढून बाजारातले पंख्याचे एलईडी बल्ब बसवले होते, तेवढा एकच बदल गाडीत झाला आहे.

यातले नैसर्गिक किती आणि बिघाड किती, हे कसे ओळखावे? भोक पाडावे का?

---

प्रकाशरेषा (पुणे)

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात दिव्यांच्या चाचणीचे काम मी अकरा वर्षे केले आहे. तुमच्या वर्णनातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तुम्ही पाणी मोजलेत. त्या ४० मिलिलिटरवरून बरेच काही सांगता येते.

हेडलाइट हवाबंद असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो मुद्दामच हवाबंद केलेला नसतो. दिवा लागला की आतली हवा तापते आणि फुगते. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्या हवेला बाहेर पडण्यास वाट लागते. वाट दिली नाही, तर आतला दाब काचेच्या जोडावर येतो. दिवा विझला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. हा श्वास घेता यावा म्हणून मागे नळ्या ठेवलेल्या असतात. त्या वाकवून तोंड खाली केलेल्या असतात, म्हणजे हवा आत जाते पण शिंतोडा सहज जात नाही. काही दिव्यांत नळीऐवजी पातळ पडद्याची गोल चकती असते, जिच्यातून वाफ पार होते आणि पाणी अडते. तुमच्या गॅरेजवाल्यांनी जे बुजवले ते दिव्याचे नाक होते. आतली वाफ आता आतच कोंडली गेली आहे, म्हणून डावीकडचा थर दुपारपर्यंत टिकतो.

आता मोजमापाकडे येऊ. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. दिव्यात १० लिटर हवा आहे असे धरले आणि ती वाफेने पूर्ण भरलेल्या स्थितीत ३० वरून २० अंशांपर्यंत थंड झाली, तर सुटणारे पाणी ०.१३ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंब होते. हे दोन-तीन थेंब सूक्ष्म कणांच्या रूपाने पसरले, तर सगळी काच आंधळी करण्यास पुरतात, पण खाली साचून हिंदकळण्याइतके पाणी त्यातून कधीच होत नाही. ४० मिलिलिटर जमवायचे असेल, तर दिव्यातली सगळी हवा तीनशेहून अधिक वेळा बदलून, दर वेळी तिच्यातले पाणी पिळून काढावे लागेल, आणि तेही चार दिवसांत. तेव्हा डावीकडचे दव आहे आणि उजवीकडची गळती आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

तुमचा रस्ता या बाबतीत विशेष आहे. दाणोलीपासून आंबोलीपर्यंत सुमारे ६०० मीटर चढ आहे आणि तेवढ्या चढात हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे वर जाताना दिवा काही हवा बाहेर सोडतो आणि रात्री उतरताना तेवढीच हवा आत घेतो, आणि ती हवा जुलैतल्या घाटातली, ढगातून थेट आलेली असते. सपाटीवर गाडी चालवणाऱ्याच्या दिव्याला हा जादा श्वास घ्यावा लागत नाही. तेव्हा डाव्या दिव्यात पावसाळ्यात थोडे धुके येणारच, ते किती वेळात जाते एवढेच पाहायचे.

ते जाण्याचा वेळ तुमच्या एलईडी बल्बमुळेही वाढला आहे. ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब विजेचा बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने समोर फेकतो, त्यामुळे काच आतून शेकली जाते. एलईडीची उष्णता मागच्या पंख्याकडे जाते आणि काच गार राहते. दव पडते ते सर्वांत थंड पृष्ठभागावर, आणि तुमच्या दिव्यात तो पृष्ठभाग काचच आहे.

दाटलेल्या काचेचा परिणाम केवळ प्रकाश कमी होण्यापुरता मर्यादित नाही. लो बीमला, म्हणजे खाली झुकवलेल्या जवळच्या झोताला, वरच्या बाजूने जी स्वच्छ रेषा आखलेली असते, ती थेंबांमुळे मोडते आणि प्रकाश वर उधळतो. घाटातल्या धुक्यात तोच प्रकाश परत तुमच्या डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. समोरच्या गाडीच्या चालकाचे डोळेही दिपतात. त्यामुळे उजवा दिवा दुरुस्त होईपर्यंत रात्री घाट उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

वायरिंगवाला (कुडाळ)

प्रकाशरेषा यांनी कारण सांगितले आहे, मी शोधण्याची रीत सांगतो. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून माझी चोवीस वर्षे कुडाळात गेली आणि दर जूनमध्ये असे दिवे माझ्या टेबलावर येतात.

लोक पहिला संशय काचेच्या जोडावर घेतात, परंतु गाडीला कधी धक्का बसला नसेल आणि दिवा उघडला गेला नसेल, तर कारखान्यातला जोड सहसा सुटत नाही. मी आधी मागची बाजू पाहतो. रबरी टोपी पूर्ण बसली आहे का, तिचा ओठ दुमडला आहे का, पार्किंगच्या छोट्या बल्बचे होल्डर फिरवून शेवटपर्यंत बसवले आहे का, त्याच्यावरचे गोल रबर जागेवर आहे का, हे हाताने चाचपून पाहावे, कारण डोळ्यांना ते बहुतेक वेळा ठीकच दिसते.

तुमच्या बाबतीत मला त्या एलईडी बल्बचा दाट संशय येतो. त्या बल्बांची शेपटी लांब असते, टोपी बसत नाही, आणि मग बसवणारे टोपीला छेद देऊन वायर बाहेर काढतात. छेद टोपीच्या खालच्या बाजूला असेल तर फारसे बिघडत नाही. वरच्या बाजूला असेल, तर बॉनेटच्या फटीतून ठिबकणारे पाणी वायरीवर पडते आणि वायरीला धरून, पागोळी यावी तसे, सरळ आत उतरते. म्हणून कुठलीही वायर आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. कृपया उजवीकडची टोपी काढून छेद कोणत्या बाजूला आहे ते पाहा.

दुसरी खूण तांबड्या मातीची. आपल्याकडे रस्त्यावरच्या पाण्यात जांभ्याची माती असतेच. दिव्याच्या आत पाणी ज्या वाटेने येते, त्या वाटेवर वाळल्यानंतर बारीक तांबूस रेघ उरते. दिवा खोलून, उन्हात धरून, टॉर्चने तिरका उजेड पाडला की ती दिसते आणि तिचे वरचे टोक जिथे संपते तिथेच गळतीचे तोंड असते. रेघ सापडली नाही, तर दिवा बाहेर काढावा, मागची सगळी तोंडे चिकटपट्टीने बंद करावीत, एका नळीतून तोंडाने हलकेच फुंकावे आणि जोडावर साबणाचे पाणी लावावे, फुगा येईल ती जागा. यासाठी कॉम्प्रेसरची हवा अजिबात वापरू नये, चांगला जोडही तिने उघडतो.

आता त्या सिलिकॉनविषयी. लावल्यानंतर व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता का? येत असेल, तर ते दिव्यासाठी योग्य नव्हते. त्याची आम्लयुक्त वाफ आत कोंडली, तर रिफ्लेक्टरवरचा, म्हणजे बल्बचा उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या आरशावरचा, ॲल्युमिनियमचा थर काळवंडू शकतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच कारणाने आतला ओलावा पुसण्यासाठी काठीला कापड गुंडाळून आत घालू नये. मऊ कापडानेसुद्धा रिफ्लेक्टरवर कायमची खरड उमटते आणि तिथला आरसा गेला तो गेला.

वाळवण्याची माझी रीत साधी आहे. दिवा बाहेर काढून, टोपी आणि बल्ब काढून, मागचे तोंड खाली करून पाणी निथळू द्यावे आणि कोरड्या खोलीत पंख्याखाली एक दिवस ठेवावा. हेअर ड्रायर मंद आचेवर, मागच्या तोंडातून, एका जागी न रोखता फिरवावा. काच खरे तर पॉलिकार्बोनेट म्हणजे प्लास्टिकच असते, तिला फार ताप सोसत नाही. जोड खरोखरच सुटला असेल, तर ब्युटाइलचा (रबरासारख्या चिकट पदार्थाचा) जोड गरम करून उघडता येतो आणि नव्या ब्युटाइलच्या दोरीने बंद करता येतो, पण तुमच्यावर ती वेळ येईल असे वाटत नाही. शिवाय काही दिव्यांचा जोड पॉलियुरेथेन या पक्क्या गोंदाचा असतो, तो तापवून सुटत नाही आणि जबरदस्ती केली तर काच तडकते.

---

सह्यवारा (सातारा)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या जुन्या गाडीच्या दिव्यात पाणी साचत असे. मी सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचे भोक पाडले आणि त्यानंतर चार पावसाळे गेले, पाणी एकदाही साचले नाही. एवढी शोधाशोध करण्यापेक्षा हा उपाय सोपा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. यात नेमके काय चुकते, हे कळले तर बरे होईल.

---

गोदाकाठ (नाशिक)

याच विषयात माझी एक शंका. माझी गाडी नवी आहे आणि कारखान्यातूनच एलईडी दिवे आलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गाडी धुतली, की एका कोपऱ्यात हातभर धुके येते आणि दिवा लावूनही लवकर जात नाही. पाणी साचत नाही. यासाठी वॉरंटीत दिवा बदलून मागावा का? सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात असेही कोणी सांगितले.

---

प्रकाशरेषा (पुणे)

सह्यवारा, तुमच्या भोकाने पाण्याला बाहेर जाण्याची वाट मिळाली, परंतु ते जिथून आत येत होते ते दार अजून उघडेच आहे. पाणी येते, ओघळते आणि निघून जाते, म्हणून साचलेले दिसत नाही. मात्र जाता जाता ते प्रत्येक वेळी रिफ्लेक्टर आणि बल्बचा होल्डर ओला करून जाते. दुसरे असे की नळीला वाकण दिलेले असते, ते तुमच्या सरळ भोकाला नाही. चाकाने उडवलेला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ त्यातून थेट वर येते. चार पावसाळे निभावले ही समाधानाची गोष्ट आहे, तरी एकदा रात्री भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करून, दोन्ही दिवे आळीपाळीने झाकून, भिंतीवरचा उजेड ताडून पाहा. ज्याला भोक नाही त्या दिव्याशी तुलना केली, की रिफ्लेक्टर किती उतरला आहे ते समजेल.

गोदाकाठ, तुमचे धुके गळतीचे दिसत नाही. थंड पहाटे आधीच गार असलेल्या काचेवर आणखी गार पाणी ओतले जाते आणि एलईडीमुळे आतून शेक मिळत नाही, तेव्हा दव धरणे आणि रेंगाळणे साहजिक आहे. बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत पावसानंतर किंवा धुतल्यानंतर येणारे तात्पुरते धुके दोष मानलेले नाही, मोठे थेंब वा साचलेले पाणी दिसल्यास मात्र दाखवण्यास सांगितलेले असते. तुम्ही दर वेळी वेळ लिहून त्याचा फोटो काढून ठेवा. दिवा लावून कोरड्या रस्त्यावर तासभर गाडी चालवूनही तो भाग तसाच राहत असेल, तर तो फोटो घेऊन जा, कारण मग नळी किंवा पडदा तुंबलेला असू शकतो. धुण्याचा जोराचा फवारा दिव्याच्या कडेवर जवळून मारू नका आणि लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या तापलेल्या दिव्यावर गार पाणी ओतू नका. तापलेला दिवा त्याच क्षणी आकसतो आणि श्वास आत घेतो.

सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी शोषते. १० ग्रॅमची पुडी साधारण ३ ग्रॅम पाणी घेईल आणि मग नुसती पडून राहील, कारण दिवा रोज नवी हवा आत घेतच असतो. दिवा वाळवताना तात्पुरती म्हणून ती ठीक आहे. कायमची आत ठेवली, तर खड्ड्यात उडून बल्बाला चिकटण्याचा धोका आहे.

---

घाटवाट (सावंतवाडी)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितले त्या क्रमाने पाहिले आणि तीन आठवडे थांबून मगच लिहीत आहे.

उजवीकडच्या टोपीचा छेद वरच्या बाजूलाच होता. त्या दिव्यामागे बॅटरी असल्यामुळे खाली हात जात नाही, म्हणून बसवणाऱ्याने वरून कापले असावे. डावीकडचा छेद खाली आहे. वायर चिमटीत धरून खाली आणली, तेव्हा तिच्यावर तांबड्या मातीची बोटभर लांब साखळी वाळलेली होती, आणि टोपीच्या आतून तीच रेघ रिफ्लेक्टरच्या कडेपर्यंत गेलेली टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसली. कडेला लावलेल्या सिलिकॉनचा गळतीशी काहीच संबंध नव्हता.

दोन्हीकडचे एलईडी काढून पुन्हा ६०/५५ वॉटचे हॅलोजन बसवले आणि दोन्ही टोप्या नव्या घेतल्या. बुजवलेल्या नळ्यांतले सिलिकॉन ओढल्यावर तीन नळ्यांतून सलग निघाले. चौथ्या नळीत तुकडा अडकला, तेव्हा ती नळीच काढून तिच्या मापाची दुसरी बसवली आणि तोंड खाली राहील असे वाकण दिले. सिलिकॉनचा वास आंबूसच होता. उजवा दिवा बाहेर काढून दीड दिवस पंख्याखाली ठेवला.

त्यानंतर घाटातून सहा फेऱ्या झाल्या, त्यांपैकी चार भर पावसात. उजव्या दिव्यात पाण्याचा थेंब नाही. डाव्या दिव्यात सकाळी अजूनही दोन बोटे धुके येते. परवा पहाटे घरून निघताना घड्याळ लावले होते, दाणोली यायच्या आत काच स्वच्छ झाली होती.

भिंतीसमोरची परीक्षा मीही केली. उजवा दिवा डाव्यापेक्षा उघडच मंद आहे. रिफ्लेक्टरच्या तळाशी, जिथे पाणी साचत असे तिथे, तळहाताएवढा भाग राखाडी पडला आहे आणि तो आता परत येणार नाही, हे मी समजून आहे. गणपतीपूर्वी तो एक दिवा नवा बसवून घेईन, डावा बदलण्याची गरज उरलेली नाही. तोपर्यंत बेळगावहून दुपारी लवकर निघतो आणि उजेड असतानाच घाट उतरतो.